लिफ्टर गांगुर्डे

आमच्या शाळेचा मुलींचा व्हॉलीबॉलचा संघ आठ-नऊ वर्षं नाशिक जिल्ह्यात गाजत होता, आणि कागदोपत्री त्या संघाची प्रशिक्षक मी होते. व्हॉलीबॉलमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. मी भूगोल शिकवायचे. मुलींचा संघ बाहेरगावी जायचा तर सोबत एक बाई पाहिजे असा नियम होता. बाकीच्या बायांच्या घरी लहान मुलं होती, माझ्या घरी कुणी नव्हतं, म्हणून ते लोढणं माझ्या गळ्यात आलं. पुढे स्पर्धेच्या फॉर्मवर ‘प्रशिक्षकाचे नाव’ असा रकाना आला. हेडसर म्हणाले, “देवरे बाई, तुम्ही जाताच आहात, तर टाका तुमचंच.” मी टाकलं. खरे प्रशिक्षक त्या वेळी ऑफिसच्या दाराबाहेर स्टुलावर बसले होते. नाव रामदास गांगुर्डे, हुद्दा शिपाई.

गांगुर्डे शाळेत लागले ते पंचाहत्तर सालच्या आसपास. तेव्हा चाळिशीला टेकलेले असतील. व्हॉलीबॉल खेळणारा म्हटलं की ताडमाड माणूस डोळ्यांपुढे येतो. हे मध्यम उंचीचे, खांदे जरा पुढे झुकलेले, दोन्ही करंगळ्या वाकड्या. पण वस्तू हातात देण्याची त्यांची एक रीत होती. खडूचा डबा असो, हजेरीपट असो, नाहीतर चहाचा कप असो, समोरच्याचा हात कुठे आहे ते आधी बघायचे आणि नेमकं तिथे नेऊन द्यायचे. आपल्याला बोटही हलवावं लागायचं नाही. मला वाटायचं, किती नम्र माणूस! पुढे कळलं, नम्रपणा वगैरे काही नाही, ही लिफ्टरची सवय. व्हॉलीबॉलमध्ये जाळीपाशी उभा राहून एक जण चेंडू वर उचलून देतो आणि दुसरा उडी मारून तो पलीकडे हाणतो. टाळ्या हाणणाऱ्याला पडतात. उचलून देणारा तो लिफ्टर. गांगुर्डे आयुष्यभर लिफ्टर होते.

नवीन माणूस भेटला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. “गाव कोणतं?” काही लोक जात काढण्यासाठी हा प्रश्न विचारतात, तो वास मला लांबून येतो. गांगुर्ड्यांना जात नको होती, मैदान हवं होतं. कुणी वणी म्हटलं की म्हणायचे, “ग्राउंड उताराचं हाय. टॉस जिंकला तर वरची बाजू घ्यायची.” नांदगाव म्हटलं की, “काळी माती. आदल्या दिवशी पानी मारलं असंल तर पाय धरून ठेवती.” आणि नामपूर म्हटलं की डोळे बारीक व्हायचे. “कांदा मार्केटचं पटांगण. तीन बाजूंना गाळे, चौथीकडून वारा. लय फसवा वारा.” मी वर्गात जिल्ह्याचं पर्जन्यमान आणि पिकं शिकवायचे. ह्या माणसाचा जिल्हा माती, उतार आणि वारा एवढ्यावरच उभा होता, आणि खरं सांगायचं तर मुलींच्या तो जास्त लक्षात राहायचा.

त्यांचं खेळाचं प्रकरण उघडकीला आलं ते घंटेमुळे. आमचे खेळाचे सर निवृत्त झाले होते आणि ती जागा काही भरली गेली नव्हती. ऑफ तासाला मुली आपल्या आपण चेंडू बडवत बसायच्या. एके दिवशी चौथ्या तासाची घंटा सात मिनिटं झालीच नाही. सगळे वर्ग ताटकळले. हेडसर तरातरा बाहेर आले तर गांगुर्डे मैदानात.

“झोपलात काय गांगुर्डे?”

“नाय साहेब. ती पोरगी चेंडू तळव्यानं घेत होती. बोट मोडलं असतं तिचं.”

“मग?”

“मग तिला बोटं दाखवली.”

हेडसर माणूस वाईट नव्हते, पण फुकटात मिळालं तर कुणाला नको असतं? ते म्हणाले, “शिकवायचं ते सकाळी शाळेआधी शिकवा. घंटा वेळेवर झाली पाहिजे.” त्या दिवसापासून पुढची बारा वर्षं गांगुर्डे सकाळी साडेसहाला मैदानावर असत, आणि घंटा मिनिटानंही चुकली नाही.

पहिला महिनाभर त्यांनी मुलींना चेंडू मारूच दिला नाही. पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर खडूनं एक वर्तुळ काढलं आणि सांगितलं, दहा बोटांनी चेंडू वर उचलायचा, वर्तुळात लागला पाहिजे, एकीनं शंभर वेळा. मुली कंटाळल्या. दोघीतिघी सोडून गेल्या. बाकीच्या कुरकुरल्या की म्हणायचे, “मारणारीचं चुकलं तर लोक अरेरे म्हनतात. देणारीचं चुकलं तर कोनाला कळतपन नाय. म्हनून देणारीनं चुकायचं नाय.” चुकलीस हा शब्द त्यांच्या तोंडी नव्हता. “पुन्हा” म्हणायचे. फारच चांगलं जमलं तर “हां.” ह्या “हां”साठी मुली जीव टाकायच्या. मी निबंधाला दहापैकी नऊ दिले तरी माझ्यासाठी कुणी जीव टाकल्याचं आठवत नाही.

आणखी एक गोष्ट होती, ती मला टोचायची. शाळेत शिपायाला मुली ‘मामा’ म्हणतात. सकाळी मैदानावर मात्र त्या गांगुर्ड्यांना ‘सर’ म्हणू लागल्या. गांगुर्ड्यांनीच मग नियम घालून दिला: साडेसहा ते साडेदहा सर, घंटा झाली की मामा. एकदा व्हरांड्यात एक मुलगी चुकून “सर, मॅच कधी?” असं ओरडली, तर त्यांनी तिला बाजूला घेऊन दटावलं. मी म्हटलं, “गांगुर्डे, काहीतरी एकच ठेवा की.” ते हसले. “ठेवलं असतं बाई. पन शाळेत खरे सर हायेत. त्यांना कशाला वाईट वाटून द्यायचं?”

त्यांनी तयार केलेली सगळ्यात चांगली लिफ्टर म्हणजे छाया. आठवीतली, काडीपैलवान, पण हात मऊ. तिचे वडील तिला खेळायला सोडेनात. मोठी झालेली मुलगी लोकांसमोर उड्या मारणार, हे त्यांना पटेना. हेडसरांनी चिठ्ठी पाठवली, मी घरी जाऊन आले, काही उपयोग झाला नाही. शेवटी गांगुर्डे गेले. मी सोबत होते. ते पाटावर बसले, पाणी प्यायले आणि विचारलं, “गाव कोणतं?” वडिलांनी नांदगावजवळचं एक खेडं सांगितलं. “शाळेमागं चिंच हाय तेच ना? तिची फांदी कोर्टात येती. उंच सर्व्हिस केली की चेंडू फांदीत.” वडील चमकले. “तोडली ती फांदी. आम्हीच तोडली, पोरं होतो तेव्हा.” मग पाऊण तास दोघं त्या फांदीबद्दल बोलत बसले. छायाचं नाव कुणीच काढलं नाही. निघताना वडील म्हणाले, “सकाळी किती वाजता पाठवू?”

ह्या माणसानं अशी गावं कशी पाहिली, ते मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. वीस वर्षांचे असताना नामपूरला स्पर्धा होती. बाहेरून आलेल्या एका गिरणीच्या संघाचा लिफ्टर ऐन वेळी पाय मुरगळून बसला. त्यांनी गावातला एक पोरगा घेतला, तो हा. स्पर्धा संपल्यावर ते त्याला गाडीत घालून घेऊनच गेले. पुढची सोळा-सतरा वर्षं असंच चाललं. कापडगिरणी, साखर कारखाना, विडीचा कारखाना, मध्ये एखाद्या गावची तालीम, पुन्हा दुसरी गिरणी. मिळून अकरा संघ. हजेरीवर ते सगळीकडे बदली कामगार, म्हणजे कुणी गैरहजर असेल त्या दिवशीचे. हंगाम दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत. हंगाम संपला की मॅनेजर सांगायचा, दिवाळीला ये. दिवाळीला त्याला दुसरा लिफ्टर मिळालेला असायचा, मग हे दुसऱ्या गिरणीत.

ह्यात एक मेख होती. कारखान्यांच्या स्पर्धेत फक्त कायम कामगार खेळू शकत. मग मॅनेजर करायचा काय, तर एखाद्या कायम माणसाचं नाव यादीत घालायचा आणि त्या नावावर गांगुर्ड्यांना उतरवायचा. “आज आपन कोन, ते गाडीत बसल्यावर कळायचं,” असं ते सांगायचे आणि हसायचे. कधी पवार, कधी सोनवणे, एकदा तर शेख. सगळे संघ हेच करत, म्हणून कुणी कुणाचं नाव सांगायचं नाही, अळीमिळी गुपचिळी.

नांदगावची एक गोष्ट ते नेहमी सांगायचे. तिथे ते उत्तम लिफ्टर ठरले. लाउडस्पीकरवर बक्षिसासाठी नाव पुकारलं गेलं, ज्याच्या नावावर ते खेळत होते त्याचं. तो माणूस कारखान्यात कारकून होता आणि त्या दिवशी संघाबरोबर गंमत बघायला आला होता. आपलं नाव ऐकल्याबरोबर तो उठला, शर्ट नीट केला आणि स्टेजवर जाऊन सर्टिफिकेट घेऊन आला! “तुम्ही काय केलंत?” मी विचारलं. “टाळ्या वाजवल्या. दुसरं काय करनार? मी उठलो असतो तर संघ बाद झाला असता.” नंतर त्या कारकुनानं लाजत लाजत तो कागद त्यांच्या हातात दिला, आणि आठवड्यानं आयोजकांकडून स्वतःसाठी नक्कल मागून घेतली. नाव त्याचंच होतं, नक्कल मिळायला अडचण आली नाही.

हे सगळं मी तेव्हा गंमत म्हणून ऐकत होते. ऐंशी-एक्क्याऐंशीच्या सुमाराला एक परिपत्रक आलं, आणि त्यातली गंमत संपली. जो खेळाडू राज्य पातळीपर्यंत खेळला आहे, तो मॅट्रिक नसला तरी छोटा कोर्स करून शाळेत खेळ शिकवू शकेल, असं त्यात होतं. आमच्याकडे जागा रिकामी, माणूस तयार. मी परिपत्रक घेऊन त्याच संध्याकाळी त्यांच्या खोलीवर गेले. बुद्धविहाराच्या मागे कॉलनी होती, तिथे ते राहायचे. माझंही गाव त्यांच्याच बागलाणातलं, म्हणून मी दारात उभी राहिले तसं त्यांनी अहिराणीत आत सांगितलं, “बाई आपली बागलाणनी शे,” आणि त्यांच्या बायकोनं, शांताबाईंनी, चहा टाकला.

मी म्हटलं, “सर्टिफिकेटं काढा सगळी.” त्यांनी पलंगाखालून पत्र्याची पेटी ओढली. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, एकालाही सुरकुती नाही. मी एकेक वाचत गेले. पवार. सोनवणे. निकम. पुन्हा निकम. शेख. जाधव. निकम. राज्य पातळीचे तीन होते, तिन्ही निकमांच्या नावाचे. गांगुर्डे नावाचा एकही कागद त्या पेटीत नव्हता.

“मी लगीन एकाशी केलं का सगळ्यांशी, ते मलाच समजत नाय,” शांताबाई म्हणाल्या.

पेटीच्या तळाला संघाचा एक फोटो होता. चेहरा गांगुर्ड्यांचा, ऐन पंचविशीतला, केस मागे वळवलेले. खाली ओळीत नाव निकम. मी म्हटलं, “हा पुरावा आहे की! ह्या निकमांना शोधा. ‘माझ्या नावावर हे खेळत होते’ एवढं लिहून द्यायचं. एक चिठ्ठी. तुमचं आयुष्य मार्गी लागेल.” गांगुर्ड्यांनी फोटो पुन्हा पिशवीत घातला. “बघू,” म्हणाले. त्यांच्या त्या “बघू”चा मला राग आला होता. मनात म्हटलं, माणसाला स्वतःची काही पडलेलीच नाही. पडलेली होती हे फार उशिरा कळलं.

दरम्यान संघ खेळत होता आणि जिंकत होता. बाकावर मी बसायचे, कारण फॉर्मवर नाव माझं. गांगुर्ड्यांना दोरीच्या आत यायची परवानगी नव्हती. त्यावर त्यांनीच तोड काढली. टाइमआउट झाला की मुलींना पाणी द्यायला शिपाई आत येऊ शकतो, त्याला कुणाची हरकत नसते. मग मी टाइमआउट मागायचे ते त्यांनी बादली उचलली की. ते बादली आणि पितळी पेला घेऊन यायचे, मुली गोल करून उभ्या राहायच्या, आणि अर्ध्या मिनिटात ते पाणी देता देता पुटपुटायचे. “छाया, त्यांची पाच नंबरवाली थकली, तिच्यावर टाकायला लाव.” मी बाजूला उभी राहून फार गंभीर चेहऱ्यानं मान डोलवायचे. लोकांना वाटायचं, काय शांत कोच आहेत बाई!

पुढच्या वर्षी विभागीय स्पर्धा नाशिकलाच होती. उद्घाटनाला क्रीडा खात्याचे एक साहेब आले, कोट घातलेले, पोट सुटलेले. लाउडस्पीकरवर त्यांची ओळख करून दिली: एके काळचे राज्य पातळीवरचे नामवंत लिफ्टर श्री. निकम साहेब. साहेबांनी चेंडू वर उडवला आणि सर्व्हिस केली. चेंडू जाळीपर्यंत पोचलासुद्धा नाही. मुली फिसकन हसल्या, मीही हसले.

“हसू नका बाई,” गांगुर्डे माझ्या मागून म्हणाले. “सवय राहत नाय मानसाला.”

निकम. मी वळून बघितलं. “हेच का ते?” त्यांनी मान डोलावली. नांदगावला उठून गेलेला कारकून तो हाच. सर्टिफिकेटं त्याच्या नावावर, त्या जोरावर खेळाडूंच्या जागेवर सरकारी नोकरी. आणि ती एक चिठ्ठी गांगुर्डे का मागत नव्हते, तेही मला तिथेच कळलं. निकमांनी ती लिहून दिली असती तर त्यांचीच नोकरी गेली असती. मी काही बोलणार तोच गांगुर्डे हळूच म्हणाले, “त्याच्या पोटावर पाय नको, बाई. तेव्हा त्यालाबी कुठं ठाऊक होतं पुढं काय होनार ते.”

अंतिम सामन्यात एक-एक डाव झाला. तिसऱ्या डावात आम्ही मागे होतो. टाइमआउटला बादली आत गेली आणि समोरच्या संघाच्या सरांनी आक्षेप घेतला: “तो पाणीवाला कोचिंग करतोय, मघापासून बघतोय मी.” पंच गोंधळले. निकम साहेबांना बोलावलं. ते आले आणि समोर गांगुर्डे, हातात पेला. वीस वर्षांनी दोघं समोरासमोर उभे होते. निकमांचा चेहरा पांढरा पडला. म्हणाले, “असू द्या हो, पाणी पाजतोय तो.” पण समोरचे सर ऐकेनात, नियमाचं पुस्तकच काढून बसले. शेवटी निकमांनी गुणपत्रक पुढे ओढलं आणि खाली मान घालून विचारलं, “नाव काय तुमचं?”

ज्यांच्या जिवावर तो माणूस साहेब झाला, त्यांना तो नाव विचारत होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. गांगुर्ड्यांनी मात्र नीट, पूर्ण नाव सांगितलं. निकमांनी लिहिलं. गांगुर्डे बादली तिथेच ठेवून दोरीबाहेर गेले, आणि तिथूनही कुणी खुणा केल्या म्हणू नये, म्हणून मैदानाला पाठ करून उभे राहिले.

आता मी खरी कोच. अकरा-आठवर मागे असताना मी टाइमआउट मागितला आणि मुली आशेनं माझ्याकडे बघायला लागल्या. तोंडात एकच प्रश्न आला. “वारा कुठून येतोय?” छायानं बोट ओलं करून वर धरलं. तिचा चेहरा बदलला. त्यानंतर तिनं चेंडू उंच देणं सोडलं, जाळीच्या काठाकाठानं देऊ लागली. पंधरा-तेरा. जिंकलो. मुलींनी मला उचललं. गांगुर्डे तेव्हाही पाठ करूनच उभे होते. आवाजावरून कळलं असणार. प्रशिक्षकाचं सर्टिफिकेट मला मिळालं. अकरा संघांनी त्यांना दुसऱ्यांच्या नावावर खेळवलं, बारावी मी.

ही लाज मला स्वस्थ बसू देईना. आणि मग मी शहाणपणा केला. विचार केला, गुणपत्रकावर निकमांनी लिहिलंय की रामदास गांगुर्डे यांनी मुलींना खेळाच्या सूचना दिल्या म्हणून त्यांना बाहेर काढलं. म्हणजे गांगुर्डे प्रशिक्षक आहेत असं सांगणारा, त्यांच्या स्वतःच्या नावाचा, शिक्क्याचा एक तरी कागद जगात आहे! मी निकमांच्या ऑफिसात गेले. फोटोचा विषय काढला नाही, पण त्यांनी माझ्याकडे बघून तो ओळखला असावा. काही न बोलता त्यांनी स्वतःच्या हातानं नक्कल उतरवली, शिक्का मारला, आणि म्हणाले, “बाई, ह्याच्यापेक्षा जास्त माझ्याच्यानं होणार नाही. दोन मुली लग्नाच्या आहेत माझ्या.” भित्रा माणूस जेवढा भला असू शकतो तेवढा तो होता. ती नोंद त्यानं आधी मुद्दामच एवढी सविस्तर लिहिली होती की काय, हे मला आजही ठरवता येत नाही.

नक्कल लावून मी अर्ज केला, हेडसरांची सही घेतली, फाईल वर पाठवली. तीन महिन्यांनी वरच्या कचेरीतून पत्र आलं. मी धावतच ऑफिसात गेले. पत्रात होतं: ‘सोबतच्या नोंदीवरून सदर शिपायाने आपला हुद्दा सोडून अनधिकृतपणे प्रशिक्षण दिल्याचे दिसून येते. याबाबत कारवाई का करू नये, याचा लेखी खुलासा सादर करावा.’

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. फक्त हात माझा आणि अवलक्षण गांगुर्ड्यांच्या वाट्याला. हेडसर माझ्यावर उखडले, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. शिपायाची का होईना, ती गांगुर्ड्यांच्या आयुष्यातली पहिली कायम नोकरी होती. हेडसरांनी त्यांना आत बोलावलं, खुर्चीवर बसवलं, कोरा कागद पुढे ठेवला आणि मजकूर सांगितला. गांगुर्डे लिहीत गेले. मी मुलींना फक्त पाणी दिले. मी त्यांना खेळ शिकवला नाही. मला खेळ येत नाही.

शेवटच्या वाक्यापाशी ते थांबले. “साहेब, हे पन लिहायचं का?”

हेडसर खिडकीबाहेर बघत होते. “लिहा. प्रश्न मिटेल.”

त्यांनी लिहिलं, खाली पूर्ण नावाची सही केली आणि कागद हेडसरांच्या हाताशी नेऊन दिला. मी तिथेच उभी होते. प्रश्न खरंच मिटला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी मुद्दाम मैदानावर गेले, माफी मागायला. ते टाकीच्या भिंतीवरचं पुसट झालेलं वर्तुळ पुन्हा काढत होते. मी काही बोलायच्या आत म्हणाले, “बाई, सातवीतल्या दोघी नवीन आल्यात. एकीचे हात चांगले हायेत.” त्या विषयावर आम्ही पुढे कधी बोललो नाही. मला वाटलं, विसरले.

सत्त्याऐंशी साली गुडघ्यांनी अगदीच दगा दिला तेव्हा त्यांनी नोकरी मुदतीआधीच सोडली आणि नामपूरजवळच्या आपल्या गावी गेले. मी तोवर शाळेत पर्यवेक्षिका झाले होते. दोन वर्षांनी हिवाळ्यात मी बागलाणात माझ्या गावी गेले असताना भाऊ म्हणाला, “नामपूरला पोरींच्या मॅची चालू आहेत. तिथल्या शाळेच्या पोरींना कुणी गांगुर्डे म्हणून शिकवतात, लय भारी.” मी मिळेल त्या गाडीनं गेले.

कांदा मार्केटच्या पटांगणात जाळी बांधलेली, गाळ्यांच्या ओट्यांवर माणसं. मी पोचले तेव्हा अंतिम सामना संपत आला होता. गांगुर्ड्यांच्या मुली हरल्या, पण झुंजून. ते कोर्टाच्या कडेला खुर्चीवर बसले होते, दोरीच्या आत. गावच्या स्पर्धेला परिपत्रक लागत नाही. बक्षीस समारंभ सुरू झाला. गांगुर्डे इकडे काठीला टेकून जाळीची गाठ सोडवत होते. लाउडस्पीकरवर आवाज आला, “उपविजेत्या संघाचे प्रशिक्षक, रामदास गांगुर्डे सर, स्टेजवर यावं.” ते गाठ सोडवत राहिले. पुन्हा पुकारलं. तेव्हा त्यांच्या मुली ओरडल्या, “सर, तुमचं नाव घेऊन राहिले!” तसे ते वळले, हात पायजम्याला पुसले आणि लंगडत गेले.

कागद घेऊन खाली उतरले आणि त्यांना मी दिसले. आनंद झाला, पण त्यांनी ख्यालीखुशाली विचारली नाही. उभ्या उभ्याच म्हणाले, “बाई, शाळेत माझी फाईल हाय का अजून?”

“आहे. कपाटात आहे, माझ्याच ताब्यात.”

“त्यात तो कागद असंल. मी लिहिलेला.”

“आहे,” मी म्हटलं.

त्यांनी हातातला कागद माझ्यापुढे धरला. “उपेग काय नाय आता, ते मला कळतं. नोकरीच नाय तर फाईल कशाची? पन हा त्या कागदाच्या वर लावा. खाली नका लावू. कोनी फाईल उघडली तर आधी हा दिसला पायजे.”

मी तो घेतला. नाव गावातल्या कुणीतरी निळ्या शाईनं मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, शाई अजून पुरती वाळली नव्हती, म्हणून मी त्याची घडी घातली नाही, नाशिकपर्यंत तसाच हातात धरून आणला.